कार्डावरील परदेशी व्यवहाराची सूचना : ती वाचावी कशी आणि समजावी कशी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



वार्षिक समारंभाच्या व्यासपीठावरून शिक्षणाचे महत्त्व, समाजाची प्रगती, चारित्र्य अशा थोर विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. तो चांगलाच आहे. मी मात्र आज आपला वेळ दोन ओळींच्या एका मजकुरासाठी मागणार आहे. तुमच्या कार्डावरून परदेशी व्यवहार झाला, असे कळवणारा बँकेचा संदेश मोबाइलवर येतो, तो हा मजकूर होय. बहुतेक घरांत हा संदेश आला की दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर घरातील माणसे घाबरून जातात, नाही तर इंग्रजीत काहीतरी आले आहे म्हणून तो न वाचताच सोडून देतात. या दोन्ही गोष्टी नुकसानीच्या आहेत.

शिक्षणसंस्थेच्या समारंभात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याची कारणे आपल्याच घरांत आहेत. आपली मुले-मुली आता परदेशी विद्यापीठांना अर्ज करतात, भाषेच्या परीक्षा देतात, आणि त्यांची फी पालकांच्या कार्डावरून डॉलरमध्ये जाते. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील गावोगावची माणसे कुवेत, सौदी अरेबिया, कतार, ओमान, अमिराती येथे नोकरीस आहेत आणि त्यांची भारतातील खाती इकडे अम्मी, बहीण किंवा पत्नी पाहते. कोणी उमरा-हजला जातो व तेथे कार्ड वापरतो. म्हणजे परदेशी व्यवहार हा केवळ मोठ्या व्यापाऱ्यांचा विषय राहिलेला नाही.

क्रेडिट कार्ड घ्यावे की नाही, त्यातील व्याजाचे काय, हा प्रश्न काहींच्या मनात येईल. तो उलेमांना विचारण्याचा प्रश्न आहे, त्यात मी शिरत नाही. मी जे सांगणार आहे ते बव्हंशी डेबिट कार्डालाही तितकेच लागू आहे, आणि डेबिट कार्ड तर जवळजवळ प्रत्येक घरात आहे.

ही सूचना येते कोठून?

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही सूचना म्हणजे बँकेची मेहेरबानी नव्हे. मार्च २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना सांगितले की, कार्डावरील व्यवहाराची रक्कम कितीही असो, त्याची सूचना खातेदाराला तत्काळ गेली पाहिजे. तेव्हा ही सूचना तुमचा हक्क आहे. पूर्वी मनीऑर्डर पोहोचली की पोचपावती येत असे आणि ती घरात जपून ठेवली जात असे. ही सूचनाही तशीच पावती आहे. फरक एवढाच की ती पोस्टमन हातात देत नाही.

या पावतीत साधारणपणे पाच गोष्टी असतात : कार्डाचे शेवटचे चार अंक, रक्कम व तिचे चलन, पैसे घेणाऱ्याचे नाव, तारीख व वेळ, आणि व्यवहार तुमचा नसेल तर काय करावे याची सूचना. या पाच गोष्टी या क्रमाने पाहण्याची सवय लावली की अर्धी भीती निघून जाते.

रकमेशेजारी तीन इंग्रजी अक्षरे असतात, ती चलनाची खूण. यूएसडी म्हणजे अमेरिकी डॉलर, एसएआर म्हणजे सौदी रियाल, एईडी म्हणजे अमिरातीचा दिऱ्हाम, केडब्ल्यूडी म्हणजे कुवेती दिनार. आयएनआर म्हणजे आपला रुपया. ही अक्षरे न पाहता नुसता आकडा वाचला तर घोटाळा होतो. शंभर रियाल आणि शंभर रुपये यांत मोठे अंतर आहे. आणखी एक बारकावा आखाती देशांत कुटुंब असलेल्यांनी लक्षात ठेवावा. कुवेत, बहरीन आणि ओमान यांच्या चलनात बिंदूनंतर तीन अंक लिहितात, कारण तेथील दिनाराचे किंवा रियालाचे हजार भाग होतात. तेव्हा कुवेतच्या पावतीवरील १२.५०० हा आकडा साडेबारा हजार नसून साडेबारा दिनार आहे.

घरी बसून व्यवहार परदेशी कसा?

सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो. मुलगा चिपळूणला घरी बसून फी भरतो आणि वडिलांच्या मोबाइलवर परदेशी व्यवहाराची सूचना येते. वडील म्हणतात, आमच्या घरातून कोणी परदेशी गेलेच नाही!

याचे उत्तर असे की, व्यवहार देशी की परदेशी हे तुम्ही कोठे बसला आहात यावर ठरत नाही. पैसे घेणारा व्यापारी आणि त्याची बँक कोणत्या देशात आहे यावर ते ठरते. कार्डाच्या प्रत्येक व्यवहारात चार पक्ष असतात : तुम्ही, तुम्हाला कार्ड देणारी बँक, दुकानदार आणि दुकानदाराची बँक. या दोन बँकांना जोडणारे जाळे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांचे असते. दुकानदाराची बँक परदेशातील असेल तर तुम्ही खेडमध्ये बसा नाही तर मुंबईत, व्यवहार परदेशीच समजला जातो. कधी कधी तर किंमत रुपयांत दाखवलेली असते, तरीही कंपनीची नोंद सिंगापूरला किंवा आयर्लंडला असल्यामुळे सूचना परदेशी व्यवहाराची येते, आणि काही बँका अशा रुपयांतील व्यवहारावरही जादा आकार लावतात.

दुसरा गोंधळ नावाचा. दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि संदेशात दुसरे, असे पुष्कळदा होते. संदेशात मूळ कंपनीचे नाव येते, किंवा तिच्या वतीने पैसे गोळा करणाऱ्या दुसऱ्याच कंपनीचे, आणि तेही जागेअभावी अर्धवट कापलेले. म्हणून नाव अनोळखी वाटताच 'लुटले गेलो' असे समजू नये. आधी घरात विचारावे, आज कोणी काही भरले आहे काय? रक्कम आणि वेळ जुळते काय? परदेशात असलेल्या मुलाला तुमच्या क्रेडिट कार्डावर पुरवणी कार्ड दिले असेल तर त्याने तेथे केलेल्या खरेदीची सूचना मूळ कार्डधारकाला, म्हणजे तुम्हालाही येऊ शकते. मुलाला एक फोन केला की उलगडा होतो.

तिसरा गोंधळ रकमेचा. हा हिशेबाचा भाग असल्याने थोडा सविस्तर सांगतो. समजा, मुलीने विद्यापीठाच्या अर्जासाठी १०० डॉलर भरले. हिशेब सोपा व्हावा म्हणून डॉलरचा भाव ९० रुपये धरू. म्हणजे ९,००० रुपये झाले. यावर बँक परदेशी व्यवहाराचा आकार घेते. तो बँकेप्रमाणे व कार्डाप्रमाणे कमीजास्त असतो, आणि पुष्कळ कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के असतो. साडेतीन टक्के धरले तर ३१५ रुपये. या ३१५ रुपयांवर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ५६ रुपये ७० पैसे. एकूण खर्च ९,३७१ रुपये ७० पैसे. फीच्या तक्त्यात मात्र १०० डॉलर एवढेच लिहिलेले असते. ज्या घरात महिन्याचा खर्च मोजून मापून होतो, तेथे हे पावणेचारशे रुपये आधी ठाऊक असलेले बरे. चार विद्यापीठांना अर्ज केला तर दीड हजारांचा फरक पडतो.

शिवाय व्यवहार दोन टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्यात बँक रक्कम मंजूर करते व राखून ठेवते, आणि सूचना येते ती तेव्हाच. दोन-तीन दिवसांनी दुकानदाराची बँक हिशेब पाठवते, तेव्हा रक्कम कायमची वजा होते. मधल्या दिवसांत चलनाचा भाव बदललेला असू शकतो. म्हणून सूचनेतील आकडा आणि महिन्याच्या उताऱ्यातील आकडा यांत थोडा फरक पडला तर ती चोरी नव्हे. हॉटेलवाले तर खोली देताना अनामत म्हणून जादा रक्कम राखतात आणि नंतर सोडतात. काही कंपन्या कार्ड चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी एखादा डॉलर मागून परत करतात. मात्र कार्ड आपण स्वतः कोठेही नोंदवले नसताना अशी एक डॉलरची सूचना आली, तर ती क्षुल्लक समजू नये. चोरही मोठा हात मारण्यापूर्वी अशीच लहान रक्कम टाकून कार्ड चालते की नाही हे पाहतात.

रुपये की रियाल?

उमरा-हजला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. तेथील दुकानात किंवा पैसे काढण्याच्या यंत्रावर कधी कधी प्रश्न येतो : रक्कम रुपयांत द्यावयाची की रियालमध्ये? आपल्याला रुपया ओळखीचा, म्हणून आपण रुपयाचे बटण दाबतो. असे केल्यास चलन बदलण्याचा भाव तेथील यंत्रवाला लावतो, आणि तो बहुधा महाग असतो. त्यावर आपली बँक आपला आकार घेऊ शकते ती वेगळीच. म्हणून ज्या देशात आहात त्या देशाचे चलन निवडावे. संदेशात आयएनआर दिसले आणि खरेदी मात्र मक्केत झाली, तर रुपयाचे बटण दाबले गेले असण्याची शक्यता आहे.

दार आपल्याच हाती आहे

परदेशी व्यवहारात अधिक सावध का राहावे, हेही सांगितले पाहिजे. भारतातील ऑनलाइन खरेदीत कार्डाच्या आकड्यांखेरीज ओटीपीसारखी दुसरी खूण मागणे १ ऑगस्ट २००९ पासून बंधनकारक झाले. परदेशातील दुकानदारांवर हे बंधन नव्हते. त्यामुळे कार्डाचे आकडे चोरणारा माणूस ते बहुधा परदेशी दुकानात चालवून पाहतो, कारण तेथे ओटीपीवाचून काम होऊ शकते. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्देश दिले की, परदेशी दुकानदाराने अशी दुसरी खूण मागितली तर ती तपासण्याची व्यवस्था कार्ड देणाऱ्या बँकांनी १ ऑक्टोबर २०२६ पर्यंत करावी. तरीही प्रत्येक दुकानदार ती मागेलच असे नाही. 'ओटीपी आला नाही, म्हणजे पैसे गेले नसतील', हे गणित म्हणूनच चुकीचे आहे.

यावर साधा उपाय आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन दिल्या जाणाऱ्या कार्डावर परदेशी व्यवहाराची सोय सुरुवातीला बंद ठेवलेली असते, आणि ती चालू-बंद करण्याचा व रकमेची मर्यादा ठरवण्याचा अधिकार खातेदाराला मिळालेला आहे. बँकेच्या अ‍ॅपवरून किंवा इंटरनेट बँकिंगमधून हे काम रात्री-अपरात्रीही करता येते. फी भरावयाची असेल त्या दिवशी ही सोय चालू करावी, लागेल तेवढीच मर्यादा ठेवावी, आणि काम होताच बंद करावी. आपण घराचे दार पाहुणा आल्यावर उघडतो, तसेच हे.

सोय बंद असताना कोणी प्रयत्न केला तर 'व्यवहार नाकारला' असा संदेश येतो. प्रयत्न आपलाच असेल तर सोय चालू करून पुन्हा भरावे. प्रयत्न आपला नसेल तर मात्र पैसे वाचले म्हणून स्वस्थ बसू नये. कार्डाचे आकडे दुसऱ्याच्या हाती लागले आहेत, असा त्याचा अर्थ आहे. ते कार्ड बंद करून नवीन घ्यावे.

व्यवहार आपला नसेल तर

आता मुख्य गोष्ट. घरात विचारले, रक्कम पाहिली, वेळ पाहिली, आणि व्यवहार आपला नाही अशी खात्री झाली, तर काय करावे?

एक, त्याच क्षणी कार्ड बंद करावे. अ‍ॅपवरून करावे, नाहीतर कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन करावा. दोन, बँकेकडे तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा आणि तो तारीख-वेळेसह लिहून ठेवावा. तीन, १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. चार, संदेश पुसून टाकू नये, कारण तोच पुरावा आहे.

वेळेला येथे फार किंमत आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात हिशेब असा घातला : दोष बँकेचा असेल तर खातेदारावर भार नाही. दोष बँकेचाही नाही आणि खातेदाराचाही नाही, तिसऱ्याच कोणी डल्ला मारला, अशा वेळी सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर खातेदाराचे नुकसान शून्य. चार ते सात दिवस लागले तर खात्याच्या प्रकाराप्रमाणे ठराविक मर्यादेपर्यंत भार खातेदारावर, आणि साध्या बचत खात्याला ही मर्यादा १०,००० रुपये होती. सात दिवसांनंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. सूचना मिळाली तो दिवस यात मोजला जात नाही. कळवल्यानंतर दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करावी, आणि दोष खातेदाराचा होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची राहील, असेही त्यात होते. नियमांत वेळोवेळी सुधारणा होत असते, म्हणून आपल्या शाखेत चालू नियम विचारून घ्यावेत. पण लवकर कळवणाऱ्याचे संरक्षण अधिक, हे त्यातील तत्त्व आहे.

ही मुदत सूचना मिळाल्यापासून सुरू होते, आपण ती वाचल्यापासून नव्हे. संदेश न वाचता आठ दिवस पडून राहिला तर आपला हक्क आपणच घालवला. आणि आपण होऊन कोणाला ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सर्व नुकसान आपले. म्हणून अशा वेळी लाजेने गप्प बसू नये. कळवल्यानंतर होणारे नुकसान खातेदारावर येत नाही, म्हणजे उशिरा का होईना, कळवण्यात फायदाच आहे. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

खोटी सूचना

चोरांनाही ही सर्व रीत ठाऊक आहे. म्हणून ते खोटी सूचना पाठवतात : तुमच्या कार्डावरून परदेशात पन्नास हजारांची खरेदी झाली, तुमची नसेल तर ताबडतोब या क्रमांकावर फोन करा. घाबरलेला माणूस फोन लावतो, आणि व्यवहार 'रद्द करण्यासाठी' ओटीपी सांगून बसतो. व्यवहार रद्द करण्यासाठी ओटीपी सांगावा लागत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. संदेशातील क्रमांकावर किंवा दुव्यावर विसंबू नये. कार्डावर छापलेला क्रमांकच लावावा, आणि खात्यातून खरोखर रक्कम गेली काय, हे अ‍ॅपमध्ये किंवा शाखेत पाहावे.

आखातातील बांधवांना विनंती

जे बांधव परदेशी राहतात त्यांचा भारतातील मोबाइल क्रमांक पुष्कळदा रिचार्जअभावी बंद पडतो, आणि कालांतराने तो दुसऱ्याच माणसाला दिला जातो. मग आपल्या खात्याची सूचना त्याच्याकडे जाते आणि आपण अंधारात राहतो. सुट्टीवर आला असाल तर परत जाण्यापूर्वी शाखेत जाऊन क्रमांक तपासा, ई-मेलवरही सूचना मागवा. आणि घरी खाते पाहणारी अम्मी किंवा पत्नी असेल, तर तिला सर्व समजावून सांगा. तिला केवळ अंगठा दाबायला सांगणे आणि हिशेब मात्र शेजाऱ्याच्या मुलाकडून वाचून घेणे, हे तिच्यावरही अन्याय करणारे आहे आणि पैशाच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे.

समारोप

बंधुभगिनींनो, कुराण शरीफमधील सर्वांत लांब आयत सूरह बकरहमध्ये आहे, आणि ती उधारीच्या देवघेवीची लेखी नोंद ठेवण्याविषयी आहे. नमाज-रोजा सांगणाऱ्या दीनमध्ये हिशेबाच्या कागदाला एवढी जागा दिली आहे, याचा आपण विचार करावा. दुसऱ्याची अमानत सांभाळण्याचा उपदेश आपण लहानपणापासून ऐकतो. परदेशात उन्हात राबून पाठवलेला पैसा हीसुद्धा घरच्यांकडे सोपवलेली अमानतच आहे.

म्हणून माझी संस्थेला नम्र सूचना आहे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना वर्षातून दोन तास बँकेचा संदेश, पासबुक आणि उतारा वाचायला शिकवावे, आणि मातांसाठीही असा एक वर्ग शाळेतच घ्यावा. यासाठी इमारत लागत नाही, देणगीही लागत नाही. एक फळा आणि एक जाणता शिक्षक पुरे. विद्यार्थ्यांनी घरी जाऊन दादी-नानीला, अम्मीला या पाच गोष्टी वाचायला शिकवाव्यात. स्वतः वाचून मोकळे होऊ नये, त्यांना वाचता येईपर्यंत शेजारी बसावे.

घरात एक साधी वही ठेवा. परदेशी व्यवहाराची सूचना आली की तारीख, रक्कम, चलन आणि कारण लिहा, आणि महिनाअखेरीस उताऱ्याशी ताडून पाहा. एवढे केले तर सूचना आल्यावर घाबरण्याचे कारण उरणार नाही, आणि खरोखर घाबरण्याजोगे काही घडले तर ते त्याच दिवशी कळेल.